दर्शना घाबरली नव्हती

घरात गरोदर बाई असेल आणि तिची दाढ दुखत असेल, तर हे वाचत बसू नका. आधी तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. हे कुठे पळून जात नाही, आल्यावर वाचा. ज्यांच्या घरात सध्या असं काही नाही त्यांनी सावकाश वाचावं, कारण त्यांच्यातले बरेचजण माझ्यासारखे असणार आणि त्यांना ते माहीत नसणार.

माझं वय सत्तरीच्या पुढे. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्सला नोकरी केली, आता निवृत्त होऊन नेरूळला राहतो. हा आजार मला झालेला नाही. माझ्या सुनेला, दर्शनाला झाला, पोटात सात महिन्यांचं मूल असताना. तरी मी लिहितोय, कारण या आजाराची जी गोष्ट आमच्या नातेवाइकांत सांगितली जाते ती मी रचलेली आहे. गोष्ट अशी, की दर्शना डेंटिस्टच्या सुईला घाबरली, ऐनवेळी गेलीच नाही, आणि म्हणून तिच्या आणि बाळाच्या जिवावर बेतलं.

दर्शना घाबरली नव्हती. आता क्रमाने सांगतो.

दाढ दुखणं हा आजार नव्हे

आमच्या घरात आजार म्हणजे ताप, मलेरिया, शुगर, ब्लडप्रेशर. दाढ दुखणं ही नुसती तक्रार. तक्रार करणाऱ्याला लवंग द्यायची आणि गप्प करायचं, ही आमची आरोग्यसेवा.

सहावा महिना सरत आला तशी दर्शनाची डाव्या बाजूची खालची दाढ ठणकायला लागली. ती बेलापूरला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. संध्याकाळी गालाला रुमाल लावून घरी यायची. माझं उत्तर तयार होतं. "अगं, बाळ आईच्या अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं. तुझ्या सासूचे दोन बाळंतपणांत तीन दात गेले. तिने हूं की चूं केलं नाही."

माझी बायको सुनंदा तेव्हा ओट्यापाशी उभी होती. तिने हूं की चूं केलं नाही.

सल्लागार तर पायलीचे पन्नास. सोसायटीत आम्हा निवृत्तांचा सकाळी फिरायला जाणारा ग्रुप आहे. त्यातला एक म्हणाला, गरोदर बाईला एक्स-रे म्हणजे बाळाला जन्माचं व्यंग. दुसरा म्हणाला, भूल दिली की पोटातलं बाळ झोपतं ते झोपतंच. तिसरा मोबाइलवर आलेलं मोठ्याने वाचून दाखवायचा आणि वाचून झालं की आपणच लिहिल्यासारखा आमच्याकडे बघायचा. एक विमा कंपनीतून निवृत्त, एक बंदरातून, एक पाटबंधारे खात्यातून. त्यांचं सगळं मी घरी आणून ओतायचो, 'शास्त्र सांगतं' अशी सुरुवात करून. अंगारे-धुपारे करणाऱ्यांना मी आयुष्यभर हसलो. माझा अंगारा मोबाइलवर यायचा, एवढाच फरक.

दर्शनाची आई हिराबाई बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याची. जेट्टीपाशी मासळी विकते. तीही काही कमी नाही. तिने कनवटीची मिश्रीची पुडी काढली. "ही लाव दातांना. चटकन थांबल."

दर्शनाने एकदा माझ्या लवंगेकडे पाहिलं, एकदा आईच्या मिश्रीकडे. म्हणाली, "तुम्ही दोघं मिळून एक दुकान टाका. मी डॉक्टरकडे चालले."

बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं, की गरोदरपणात दातावर उपचार करता येतात आणि करायलाच हवेत. अंगावर काढणं हेच वाईट. माझा मुलगा निखिल ऐरोलीला कामाला असतो, म्हणून डेंटिस्टकडे तिच्याबरोबर मी गेलो. डेंटिस्ट तरुण होता. तिच्या पोटावर जाड एप्रन ठेवून त्याने दाढेचा छोटासा एक्स-रे काढला. मुळाशी पू झाला होता.

"ही दाढ वाचणार नाही, काढावी लागेल," तो म्हणाला. "तोवर गोळ्या देतो. गुरुवारी या. आणि ठणका थांबला तरी या. गोळ्यांनी हे दबतं, जात नाही."

"फार दुखेल का हो?" हे विचारलं मी.

"बाबा, आत्ता काय कमी दुखतंय?" दर्शना म्हणाली आणि गाल धरून हसली.

बाहेर काउंटरवरच्या मुलीने फोन नंबर मागितला. घरातल्या बायकांचं कुठलंही काम असो, नंबर माझा द्यायचा, ही माझी जुनी पद्धत. मला ती जबाबदारी वाटायची. दर्शनाने पर्समध्ये हात घालेपर्यंत मी माझा नंबर सांगून मोकळा झालो.

गुरुवार

त्याच रविवारी तिचं डोहाळजेवण होतं.

इथे माझ्या थोरल्या बहिणीबद्दल सांगायला हवं. कराडची अक्का. निखिलने दिवाळ्याच्या कोळ्याच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हापासून ती आमच्या घराची पायरी चढली नव्हती. मी दर दिवाळीला फोन करायचो, ती "बरं हाय" म्हणून ठेवून द्यायची. आणि आता तिनेच निरोप पाठवला, "पोरीची वटी भराया येते म्या." मला आभाळ ठेंगणं झालं. नातं परत जुळणार, भाऊबंदांत मान वर होणार. आपल्या सुनेला आपल्या बहिणीने माणसात घ्यावं म्हणून मी आनंदाने नाचत होतो, आणि ती आधीपासूनच माणूस होती हे मला सुचलंही नाही.

सोसायटीचा हॉल ठरला, झोपाळा सजवणारा ठरला, फुलांचे दागिने ठरले, फोटोवाला ठरला. माझ्या डोक्यात एक चित्रही ठरलं. सून झोपाळ्यावर बसली आहे, अक्का तिची ओटी भरते आहे, सून हसते आहे. दाढ काढली की गाल सुजतो, असं फिरायच्या ग्रुपने सांगितलं होतं. सुजलेला गाल त्या चित्रात बसेना. वर अक्का म्हणणार, कार्याच्या तोंडावर पोरीच्या तोंडातनं रगत काढलंत!

बुधवारपर्यंत गोळ्यांनी ठणका उतरला होता. मला निमित्त हवंच होतं. दर्शना ऑफिसला गेल्यावर मी गॅलरीत जाऊन फोन लावला.

"उद्याचं रद्द करा. सूनबाई घाबरतेय हो फार. पुढच्या आठवड्यात बघू."

"काका, डॉक्टर बोलले होते, लेट करू नका."

"हो, हो. समजावतो मी तिला."

संध्याकाळी दर्शनाला म्हणालो, "अगं, दवाखान्यातून फोन होता. डॉक्टर बाहेरगावी गेलेत. पुढच्या आठवड्यात बोलावलंय."

"अर्जंट आहे म्हणाले होते ना?"

"आता दुखतंय का?"

"तसं नाही."

"मग झालं तर."

कारखान्यात मी नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवत आलो. गळती थांबली म्हणजे बिघाड गेला असं समजू नका, दाब आत कुठेतरी चढत असतो. पाइपातून थेंब पडला तर साहेबाला न विचारता लाइन बंद करणारा माणूस मी. निवृत्त होताना ओळखपत्राबरोबर अक्कलही गेटवर जमा करून आलो असणार.

पेढा की बर्फी

डोहाळजेवण छान झालं, असं सगळे म्हणतात. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, फुलांचे बाजूबंद. अक्का पहिल्या रांगेत मधोमध. दर्शनाची आई तिच्या मैत्रिणींबरोबर तिसऱ्या रांगेत, कारण पुढच्या दोन रांगांत मी आमची माणसं बसवली होती. तेही मीच.

मग दोन झाकलेल्या वाट्या आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. दर्शनाने एक झाकण उचललं. बर्फी. अक्काचा चेहरा पडला, पण कॅमेरा चालू होता, म्हणून तिने स्वतःच्या हाताने अख्खी बर्फी सुनेच्या तोंडात कोंबली. "खा, खा. सासरची हाय, थुकू नगंस."

दर्शनाने दात मिटले आणि झोपाळ्याची साखळी घट्ट पकडली. डोळ्यांतून टचकन पाणी आलं.

"लाजली गं बाई, लाजली!" बायका ओरडल्या.

"वहिनी, स्माइल," फोटोवाला म्हणाला. तिने स्माइल दिलं. तो फोटो फ्रेम करून आमच्या हॉलमध्ये लावला आहे. येणारा जाणारा म्हणतो, काय गोड आलाय! मला त्यात एका बाईची साखळीवर पांढरी पडलेली बोटं दिसतात. फोटो काढून टाकू म्हटलं, तर दर्शना म्हणाली, "राहू दे. बघत जा."

तिसऱ्या रांगेतून हिराबाई उभी राहिली होती. "पोरीचा तोंड बगलाव का? ह्यो लाजन्याचा तोंड नाय."

"अहो हिराबाई, कार्यक्रम होऊ द्या," मी म्हणालो.

अक्काने मान न वळवता निकाल दिला. "एक लेकरू, एक दात. बाईच्या जातीला एवढं सोसाया लागतंय." आणि मी मान डोलावली. बाईने सोसण्याबद्दल आमच्याकडे फार आदर आहे. तो आदर दाखवायला काही करावं लागत नाही, बसल्या जागी मान डोलावली की भागतं.

तोंड उघडत नव्हतं

सोमवारी सकाळी दर्शनाने चहाचा कप ओठांशी नेला आणि खाली ठेवला. दात उघडेनात. गालाची सूज जबड्याखाली उतरली होती, कातडी लाल होऊन तुकतुकत होती. अंगात ताप. लाळ गिळता येत नव्हती, रुमालाने टिपत होती. निखिल थांबतो म्हणाला, तर मी त्याला सांगितलं, "तू जा, मी आहे ना." मी होतो म्हणजे गरम पाण्याची पिशवी घेऊन होतो. जबडा शेकत होतो. असा शेक देऊ नये, हे मला नंतर कळलं.

सकाळची विक्री आटपून हिराबाई आली. टोपली दाराबाहेर ठेवली, आत येऊन लेकीची हनुवटी वर केली.

"काय करताव तुमी?"

"शेकतोय. उतरेल सूज."

"उतरंल? नरड्यात उतरतेय ती! तुमचे डोले हायत का बटनां?"

तिने माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, मोरीत टाकली आणि लेकीला उभं केलं. सुनंदाने निखिलला फोन लावला. मी पाकीट शोधत राहिलो, ते खिशातच होतं.

डॉक्टरीणबाईंनी दारातच पाहिलं आणि मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. तिथे जबड्याच्या सर्जन आल्या, त्याही बाईच. टॉर्च लावला, मानेला हात लावला. "श्वास घ्यायला त्रास होतोय?" दर्शनाने मान हलवली, हो. "बाळ हलतंय?" तिने हात हलवून दाखवला, कमी. सर्जनबाई माझ्याकडे वळल्या.

"हे इतके दिवस का थांबवलं? कुणाला दाखवलं नव्हतं?"

दर्शना काहीतरी बोलायला गेली. दातांच्या फटीतून नुसता घुसमटलेला आवाज आला. तिचं तोंड उघडत नव्हतं. मी माझं उघडलं.

"गुरुवारची वेळ घेतली होती, डॉक्टर. ऐनवेळी घाबरली ती."

शिकलेली माणसं अडाण्याकडे ज्या नजरेने बघतात, तसं त्या बाईंनी दर्शनाकडे पाहिलं. ती नजर हक्काने माझी होती. दर्शनाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

दुपारी ऑपरेशन झालं. जबड्याखाली छेद देऊन पू काढला, दाढ काढली, छेदात निचऱ्याची नळी ठेवली. बाहेर आणल्यावर तिचं पोट राहून राहून कडक व्हायला लागलं. वेळेआधी कळा येतील का, हे सांगता येत नाही म्हणाले. कळा थांबवायची औषधं, बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं, आणि पोटावर पट्टा बांधून बाळाचे ठोके ऐकवणारं मशीन. पट्टा लावताना आधी नुसती खरखर आली. मग एकदम टकटकटकटक सुरू झालं.

"आमचे होरीचा मशीन असाच वाजतो," हिराबाई म्हणाली. त्यांच्या घरची होडी आहे. "चालू हाय. बंद नाय परलाय." आणि ती खाली फरशीवर बसून रडली. मी खुर्ची पुढे केली. यापलीकडे माझ्याकडे त्या वेळी द्यायला काही नव्हतं.

नारळपाणी

हॉस्पिटलच्या दिवसांबद्दल लोक फार हळवं लिहितात. मला आठवतं ते असं. सकाळी ड्रेसिंग. नर्स ती नळी हलवायची तेव्हा दर्शना आवाज काढायची नाही, फक्त तिची टाच चादरीवर घासत राहायची. मग स्ट्रॉने पातळ पेज. मग ठोक्यांचं मशीन. मग भेटायला येणारे.

भेटायला येणारे ही एक वेगळी साथ आहे. प्रत्येकाच्या हातात नारळपाणी, प्रत्येकाच्या तोंडात एकच वाक्य, "दातच दुखत होता ना फक्त?" आणि नंतर माझ्याकडे वळून हलक्या आवाजात, "घाबरली म्हणे. आजकालच्या मुली, चला, काय बोलणार." माझी वदंता माझ्याआधी पोचलेली होती. फिरायच्या ग्रुपातले तिघे आले. एक्स-रेवाल्याने दर्शनाला उपदेश केला, "बेटा, वेळच्या वेळी डॉक्टरकडे जायचं असतं." त्याच्या तोंडावर नारळ फोडावा असं वाटलं. मग लक्षात आलं, माझ्या बाजूला बसायची त्याची लायकी आहे, एवढंच.

दर्शना बोलू शकत नव्हती, मोबाइलवर टाइप करून दाखवायची. 'पाणी.' 'उशी वर.' 'हललं बाळ.' तिने मोबाइल हातात घेतला की मी उठून खिडकीशी जायचो.

एका दुपारी निखिल तिच्यावर चिडला. रडतच चिडला. "का नाही गेलीस गं? मी सुट्टी टाकली असती. एवढं काय घाबरायचं?" तिने टाइप केलं. त्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बाबा, ही म्हणते डॉक्टर बाहेरगावी होते. तुम्ही सांगितलं म्हणते."

"गुंगीत आहे रे ती," मी म्हणालो. "जाऊ दे. आत्ता नको."

त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला, लहान मुलाची समजूत काढतात तसा. दर्शनाने मोबाइल पालथा ठेवला. त्या दिवशी तिने परत काही टाइप केलं नाही. खोटं बोलणारे खूप पाहिले आहेत. आजारी बाईला तिचंच डोकं ठिकाणावर नाही असं पटवणारा मात्र मी जवळून एकच पाहिला आहे, दाढी करताना.

बाहेरच्या बाकावर सुनंदा होती. मी आपला धीर गोळा करायला जुनंच वाक्य काढलं. "तुझे तीन दात गेले, पण तू कसं मुकाट..."

"मुकाट?" ती म्हणाली. "नावडे गावात भाड्याच्या खोलीत होतो तेव्हा मी उशीत तोंड खुपसून रडायचे. शेजारची बाई विचारायला यायची. तुम्ही सेकंड शिफ्टला होतात. घरी आलात की डाळ खारट झाली म्हणायचात."

एवढं बोलून तिने डब्याचं झाकण लावलं. माझ्याकडचं बाईच्या सहनशक्तीचं एकमेव उदाहरण असं निकालात निघालं.

काटे

पोट कडक होणं थांबलं. नळी निघाली, सूज उतरली, दर्शना घरी आली. दिवस भरायला थोडे बाकी असताना मुलगी झाली. बर्फी खरी ठरली, असं अक्काने फोनवर नाराजीने मान्य केलं. मुलगी लहानशी, पण रडण्यात कुणाला हार जाणारी नव्हे. नाव सई.

बाकीचे दात तपासायला दर्शना त्याच डेंटिस्टकडे गेली, या वेळी एकटी. परत आली, बाळाला घेतलं आणि आत गेली.

मी कराडकडचा. मटण खाणारा माणूस. काट्यांची मासळी मला जमत नाही. लग्न होऊन आल्यापासून दर्शना माझ्या ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायची. "बाबा, डोळे मिटून खा," म्हणायची. त्या दिवशी हिराबाईने पाठवलेल्या खाडीच्या बोईटाचं कालवण होतं. ताटात अख्खा तुकडा आला, काट्यांसकट. मी तिच्याकडे पाहिलं. ती निखिलला वाढत होती.

दवाखान्यात तिला काय कळलं ते मला कळलं. भांडण नाही, अबोला नाही, निखिलकडे पुन्हा तक्रार नाही, चहा वेळेवर, औषधाची आठवण वेळेवर. फक्त काटे. मला घशात काटा अडकायची भीती वाटायची, म्हणून मी नुसता रस्सा-भात खायला लागलो. तरी मी बोललो नाही. महिने गेले. जबड्याखालचा वण बघून कुणी विचारलं की कुणीतरी माझी गोष्ट सांगायचं, आणि मी वर्तमानपत्राची घडी घालत बसायचो.

देवमाणूस

सईच्या उष्टावणाला सगळी मंडळी पुन्हा जमली. पहिली खीर भरवायची होती. अक्का पाटाशेजारी बसली होती. सईच्या खालच्या हिरडीत पहिला दात दिसायला लागला होता, तो बोटाने चाचपून ती म्हणाली, "दात काढ बाई, पर आयसारखी भित्री हुऊ नगंस. सुईला भ्याली नि बापाच्या जिवाला घोर लावला."

सगळे हसले. दर्शना खीर ढवळत राहिली. माझ्या हातात चांदीचा चमचा होता, तो मी खाली ठेवला.

"अक्का, ती घाबरली नव्हती. गुरुवारची वेळ मी रद्द केली. तुझ्यासाठी. फोटोत गाल सुजलेला दिसायला नको म्हणून. डॉक्टर बाहेरगावी गेलेत हे मी तिला खोटं सांगितलं. ती घाबरली हे डॉक्टरांना खोटं सांगितलं. निखिल, ती गुंगीत नव्हती."

मला वाटलं, आता छत कोसळणार. अक्काने पदर डोळ्यांना लावला.

"बगा! ह्याला म्हनत्यात मानूस. सुनेचा दोष सवताच्या अंगावर घेतोय. असा सासरा दिवा घिऊन हुडकला तरी घावायचा न्हाई."

"अक्का, अगं मी खरं सांगतोय!"

"बास, बाळू. आमाला कळतंय की." एका भाच्याने टाळी वाजवली. एक भाची म्हणाली, "मामा, किती मोठं मन!" निखिलने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "बाबा, कशाला उगाच." माझ्या पोटच्या पोराला माझं खोटं एका झटक्यात पटलं होतं, खरं काही केल्या पटेना. सुनंदा एकटी माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं काही कौतुकाचं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात गेलो. दर्शना तिथे होती.

"झालं?" ती म्हणाली. "मी भित्रीची भित्री, आणि तुम्ही वर देवमाणूस."

"मी खरं तेच सांगितलं गं."

"उशिरा सांगितलंत ना. आता ते गोड लागतं."

"मग करू काय मी?"

"लिहा. माझं नाव घालून लिहा, चारचौघांत वाटा. या लोकांना बोललेलं ऐकू येत नाही." मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "आणि तुमची ती दाढ दाखवा. मी आले तेव्हापासून बघतेय, तुम्ही उजव्या बाजूने चावत नाही."

म्हणून हे लिहिलं. लिहिताना जे काही शिकलो ते एवढंच, की आजारी माणसाच्या डॉक्टरकडे आजारी माणसाचा स्वतःचा नंबर द्यावा. बाकी शहाणपण सांगायचा माझा अधिकार गेला.

आणि दाढही दाखवली. वर्षानुवर्षं मी दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसलो नव्हतो. 'वेळ नाही' म्हणायचो. काउंटरवर तीच मुलगी होती. नंबर दर्शनाने दिला, तिचा.

"काका घाबरतात का?" मुलीने विचारलं. "डॉक्टरांना आधी सांगून ठेवते."

दर्शनाने माझ्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला मला पुरता वेळ दिला. माझं तोंड उघडेना.

"हो," ती म्हणाली. "खूप."

दाढ निघाली. खरं सांगायचं तर भुलीच्या सुईपलीकडे काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ताटात मऊ भात आणि बोईटाचं कालवण होतं. मी सवयीने रस्सा ओढला, तर भातावर पांढरे तुकडे आले, एकही काटा नसलेले. मी वर पाहिलं.

"दाढ काढलीय म्हणून," दर्शना म्हणाली. "दुसरं काही समजू नका."

नाही समजलो. जेवलो.